रेट्रो गेमचं कार्ड कसं आवरावं? (एम्युलेटर, रोम, बायोस, सेव्ह)

रविवारचा_डाव
१२८ जीबीचं कार्ड आहे, हातातल्या छोट्या कन्सोलमध्ये चालतं. तेच फोल्डर संगणकावर रेट्रोआर्च (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरांचा गठ्ठा) आणि ईएस-डीईला (गेमची यादी दाखवणारं सॉफ्टवेअर) जोडलेत. पसारा असा: निन्टेंडोच्या यादीत एकच मारिओ चार वेळा दिसतो, पण डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर म्हणतं की डुप्लिकेट एकही नाही. प्लेस्टेशनच्या एकेका गेमखाली पंधरा-वीस ओळी येतात, त्यातली एखादीच चालते. जागा करायला आर्केडमधले जोडगेम उडवले, तेव्हापासून मुस्तफा उघडत नाही. फायलींची नावं नीटनेटकी केली तर जुने सेव्ह गायब. आणि कॉन्ट्रा पळतोय, म्हणजे आठवणीतल्यापेक्षा बराच वेगात.

सगळं पुसून नव्याने लावायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

खटपट्या
पुसण्यापासून तर मुळीच नको.

आधी अख्खं कार्ड जसंच्या तसं संगणकावर उतरवा. मग रिकाम्या कार्डाची परीक्षा घ्या. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून बघतात. १२८ जीबी छापलेलं नकली कार्ड आतून ३२ चं असू शकतं. ते 'जागा संपली' असं कधीच सांगत नाही, नवीन फायली निमूटपणे जुन्यांच्या डोक्यावर लिहितं. काल चालणारा गेम आज बिघडला की लोक एम्युलेटरला शिव्या घालत बसतात. कन्सोलबरोबर फुकट आलेलं बिननावाचं कार्ड असेल तर परीक्षासुद्धा घेऊ नका, सरळ बदला.

दोन_कॉइन
मुस्तफाला हात लावणाऱ्यांनो, आधी हे वाचा.

गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. पार्लरमध्ये त्यातल्या मुस्तफा कैरो या गड्यावरून नाव पडलं ते कायमचं. मेम या आर्केड एम्युलेटरच्या भाषेत हा 'डिनो', म्हणजे डिनो डॉट झिप. अमेरिकी आवृत्ती 'डिनोयू', जपानी 'डिनोजे'. डिनो हा पेरेंट (मूळ संच), बाकीचे क्लोन (त्याच्या आवृत्त्या).

आर्केडचे संच तीन प्रकारे बांधलेले असतात. स्प्लिट संचात क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या चिप (म्हणजे त्यांच्या फायली) असतात, बाकीच्या पेरेंटच्या झिपमधून उचलल्या जातात. मर्ज्डमध्ये सगळं कुटुंब एकाच झिपमध्ये. नॉन-मर्ज्डमध्ये प्रत्येक झिप आपल्या पायावर उभी. तुमचा संच स्प्लिट असणार, आणि जोडगेम समजून तुम्ही पेरेंटच उडवला. आता डिनोयू एकटा उभा आहे आणि त्याचं निम्मं सामान गायब आहे. हातातल्या कन्सोलसाठी नॉन-मर्ज्डच घ्या. जागा थोडी जास्त खातो, पण एकेक गेम सुटा उचलून नेता येतो.

आणखी तीन गोष्टी. आर्केडची झिप उघडून आतल्या फायली बाहेर काढायच्या नाहीत. झिपचं नाव बदलायचं नाही. मुस्तफा डॉट झिप केलंत की एम्युलेटरला ओळख पटत नाही. आणि निओ-जिओच्या गेमना निओजिओ डॉट झिप त्याच फोल्डरमध्ये लागते. तिला यादीतून लपवा, डिलीट करू नका.

लाल_बटण
डिनोजेमध्ये मुस्तफा जपानी बोलतो का?

दोन_कॉइन
@लाल_बटण, तो पार्लरमध्येही कुणाचं ऐकत नव्हता.

शून्यएक
चार मारिओंचं रहस्य.

निन्टेंडोच्या .एनईएस फायलीला पुढे १६ बाइटचं हेडर असतं. कॅसेटमधली चिपची नक्षी, म्हणजे मॅपर, कोणता ते त्यात लिहिलेलं. पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सचा खरा ऐवज ४०,९६० बाइट, हेडर धरून ४०,९७६. हेडरमध्ये एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी पूर्ण फायलीचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) बदलतो आणि डुप्लिकेट शोधणाऱ्याला ती दुसरीच फाइल वाटते. आतला गेम तोच. सुपर निन्टेंडोत हाच घोळ ५१२ बाइटच्या जुन्या कॉपियर हेडरचा. फायलीच्या आकाराला १०२४ ने भागा, बाकी ५१२ उरली की हेडर चिकटलेलं आहे.

एन६४ मध्ये तर एकच गेम तीन वेशांत फिरतो. हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट बघा: ८० ३७ १२ ४० असेल तर झेड६४, म्हणजे सरळ क्रम. ३७ ८० ४० १२ असेल तर व्ही६४, जोडीजोडीने उलटलेला. ४० १२ ३७ ८० असेल तर एन६४, पूर्ण उलटा. एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका, लोक वाटेल ते लावतात. सगळे झेड६४ करून ठेवा.

म्हणून जुळणी नेहमी नो-इंट्रो या याद्या ठेवणाऱ्या गटाच्या डॅट फाइलशी करायची. डॅट म्हणजे हजेरीपट: कोणत्या गेमचं नाव काय, आकार किती, हॅश काय. कॅसेटवाल्या मशीनसाठी नो-इंट्रो, डिस्कवाल्यांसाठी रीडम्प.

कोपऱ्यातला_टीव्ही
एवढं सगळं कशाला? पूर्ण संच ठेवा. एनईएस, सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह, गेमबॉय मिळून कार्डाचा कोपरासुद्धा भरत नाही. निवडत बसण्यात जो वेळ जातो त्यात दोन गेम संपतात.

मीठभाकर
@कोपऱ्यातला_टीव्ही, जागेचा प्रश्न नाहीच, यादीचा आहे. पूर्ण संचात एकाच गेमची अमेरिकी, युरोपी, जपानी, पहिली सुधारणा, दुसरी सुधारणा, बीटा, डेमो अशी वरात असते. सहा इंची पडद्यावर 'एस' अक्षरापर्यंत पोचेपर्यंत बॅटरी उतरते.

पूर्ण संच घरच्या डिस्कवर ठेवा, कार्डावर एक-गेम-एक-रोम (रोम म्हणजे उतरवलेल्या गेमची फाइल). रीटूल नावाचं साधन नो-इंट्रोची डॅट घेऊन छाटलेली डॅट करून देतं. प्रदेशाची पसंती तुम्ही ठरवायची. इथे अमेरिका आधी, मग जग, मग युरोप, शेवटी जपान, असं ठेवा. युरोपी आवृत्त्या बहुतेक ५० हर्ट्झच्या, म्हणून त्या मागे.

कोपऱ्यातला_टीव्ही
संच घरी, निवड कार्डावर. हे मान्य. पण आर्केडला हा नियम लावू नका, वर दोन_कॉइन काय म्हणाले ते बघा.

चकतीवाला
प्लेस्टेशनकडे वळू.

ज्या गेममध्ये सीडीवरच संगीताचे ट्रॅक असतात, त्याच्या प्रतीत प्रत्येक ट्रॅकची वेगळी .बिन फाइल असते. ईएस-डीई .बिनलाही गेम समजतं, म्हणून वीस ओळी. चालणारी ओळ म्हणजे .क्यू. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडा. त्यात लिहिलेलं असतं की अमुक नावाची बिन, तमुक ट्रॅक. काही गेम चालतच नसतील तर कारण इथेच आहे: तुम्ही बिनची नावं नीटनेटकी केलीत, क्यूच्या पोटातलं नाव जुनंच राहिलं.

क्यू हरवली असेल आणि बिन एकच असेल तर तीन ओळींत नवी लिहिता येते. पहिल्या ओळीत 'फाइल', अवतरणात बिनचं नाव आणि 'बायनरी'. दुसरीत 'ट्रॅक ०१ मोड२/२३५२'. तिसरीत 'इंडेक्स ०१ ००:००:००'. (अर्थात रोमन कॅपिटल अक्षरांत.) बिन अनेक असतील तर अंदाज करू नका, रीडम्पवरची क्यू वापरा.

कायमचा उपाय म्हणजे सीएचडी, अख्खी डिस्क दाबून केलेली एकच फाइल. मेमबरोबर सीएचडीमॅन नावाचं साधन येतं. त्याला 'क्रिएटसीडी' सांगायचं, 'आय'च्या पुढे क्यू फाइल द्यायची, बिन नाही, आणि 'ओ'च्या पुढे नव्या सीएचडीचं नाव. वीस फायलींची एक होते, आकार घटतो, आतला एकही बिट हरवत नाही आणि 'एक्स्ट्रॅक्टसीडी'ने परत सुटं करता येतं. क्रम मात्र पाळा: आधी बिनचे हॅश रीडम्पशी जुळवा, मग सीएचडी करा, मग 'व्हेरिफाय' चालवा, त्यानंतरच बिन उडवा. सीएचडी झाल्यावर तिचा हॅश रीडम्पच्या यादीशी जुळत नसतो, तेव्हा नंतर डोकं आपटून उपयोग नाही.

पीएस२ च्या डीव्हीडी आयएसओला 'क्रिएटडीव्हीडी'. पीएस२ चे काही गेम सीडीवर आलेत, त्यांना 'क्रिएटसीडी'च.

मीठभाकर
@चकतीवाला, तीन-तीन डिस्कवाल्यांचं?

चकतीवाला
फायनल फँटसी ७ घ्या, तीन डिस्क. तीन सीएचडी आणि एक .एम३यू. एम३यू म्हणजे पुन्हा मजकुराची फाइल, एका ओळीत एका सीएचडीचं नाव, अक्षरांचं लहान-मोठेपण तंतोतंत तेच. लिनक्सवर चालणाऱ्या कन्सोलला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. विंडोजवर चालणारी यादी कार्डावर मेली की बहुधा हेच.

गेम एम३यूवरूनच सुरू करायचा. मग मेमरी कार्ड एम३यूच्या नावाने बनतं आणि तिन्ही डिस्कना एकच मिळतं. पहिली सीएचडी थेट उघडलीत तर दुसरी डिस्क स्वतःच्या नावाचं कार्ड शोधते आणि तिला ते कोरं सापडतं. डिस्क बदलायला क्विक मेन्यू, डिस्क कंट्रोल. आधी इजेक्ट, मग क्रमांक, मग इन्सर्ट. ईएस-डीईमध्ये यादी एका ओळीची हवी असेल तर फोल्डरचंच नाव '.एम३यू'ने संपणारं ठेवा आणि आत अगदी त्याच नावाची एम३यू फाइल. ते फोल्डर मग गेमसारखं उघडतं.

नाममात्र
युरोपी फायनल फँटसी ९ सुरू होतो आणि पुढे जाऊन अडकतो. बायोस (मशीनच्या आतला मूळ प्रोग्रॅम) बरोबर आहे. क्यू बरोबर आहे.

चकतीवाला
लिबक्रिप्ट. युरोपातल्या काही डिस्कवर सोनीने चोरीविरोधी खूण ठेवली होती, ती सबचॅनेलमध्ये (मुख्य डेटाबरोबरच्या जादा माहितीत) असते आणि साध्या बिनमध्ये उतरत नाही. गेमला ती सापडली नाही की तो मुद्दाम अडतो. त्या खुणेची छोटीशी .एसबीआय फाइल गेमशेजारी, त्याच नावाने लागते. किंवा अमेरिकी डिस्क असेल तर ती वापरा, तिच्यात ही भानगड नाही.

शून्यएक
बायोसचा विषय निघालाच आहे तर: पीएस१ चे तीन, जपानसाठी एससीपीएच५५००, अमेरिकेसाठी ५५०१, युरोपसाठी ५५०२. प्रत्येकाचा आकार बरोब्बर ५,२४,२८८ बाइट. नावं सगळी स्मॉल अक्षरांत, शेवटी .बिन, आणि जागा रेट्रोआर्चच्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये, झिप न करता. रोमच्या फोल्डरमध्ये टाकून 'बायोस सापडत नाही' म्हणणारे दर आठवड्याला दोन येतात. इन्फर्मेशनमध्ये कोअर इन्फर्मेशन उघडा, तिथे कोणती फाइल आहे आणि कोणती नाही ते कोअर (रेट्रोआर्चमधला त्या मशीनचा एम्युलेटर) स्वतः सांगतं. गेमबॉय ॲडव्हान्सला एमजीबीए कोअर वापरत असाल तर बायोस नसला तरी चालतं.

लाल_बटण
आणि सेव्हचं? चौथी तक्रार सगळ्यांनी बाजूला सारली.

खटपट्या
घेतो. सेव्ह दोन जातीचे. गेमने स्वतः केलेला, कॅसेटमधल्या बॅटरीवर राहायचा तसा, तो .एसआरएम. आणि एम्युलेटरने काढलेला क्षणचित्र-सेव्ह, तो .स्टेट. दोन्ही रोमच्या फाइलनावाने साठतात. रोमचं नाव बदललंत की जोडी तुटली. सेव्ह कुठे गेलेला नाही, जुन्या नावाने तिथेच पडलाय. त्यालाही नवं नाव द्या, परत येईल.

दुसरा सापळा म्हणजे 'कोअरच्या नावाने सेव्हचे फोल्डर करा' ही सेटिंग. ती चालू असेल आणि तुम्ही कोअर बदललंत तर नवं कोअर नव्या फोल्डरमध्ये शोधतं. एसआरएम बहुतेकदा दुसऱ्या कोअरमध्ये नेता येते. स्टेट नेता येत नाही, आणि कोअरची आवृत्ती बदलली तरी स्टेट उघडेलच याची खात्री नसते. म्हणून कोअर अपडेट करण्याआधी गेमच्या आतून सेव्ह करा.

पीएस१ चं मेमरी कार्ड १,३१,०७२ बाइटचं. डकस्टेशन या एम्युलेटरची .एमसीडी आणि बीटल पीएसएक्स कोअरची .एसआरएम आतून सारखीच, एक्स्टेन्शन बदललं की काम होतं.

नाममात्र
मग यादीत सुंदर नावं हवी असतील तर?

मीठभाकर
फाइलला हात न लावता. ईएस-डीईत गेमवर उभं राहून मेटाडेटा एडिटर उघडा आणि 'नेम'मध्ये हवं ते लिहा. ते गेमलिस्ट डॉट एक्सएमएलमध्ये जातं, फाइल डिनो डॉट झिपच राहते. यादीत मुस्तफा दिसेल आणि मेमला डिनो मिळेल, दोघंही खूश.

उलटा_पंखा
मॅकवाल्यांसाठी एक ओळ: कार्ड मॅकला लावलं की प्रत्येक फायलीशेजारी टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणारी चिमुकली भूत-फाइल बनते. कन्सोलवर ती दुसरा गेम म्हणून दिसते आणि उघडत नाही. कार्ड काढण्याआधी टर्मिनलमध्ये 'डॉट_क्लीन' चालवा, 'एम' हा पर्याय लावून.

संपादक_मंडळ
सूचना. रोम आणि बायोसच्या लिंक मागू नका, देऊ नका, 'व्यनि (खासगी निरोप) करतो' असंही लिहू नका. एम्युलेटर हे सॉफ्टवेअर वेगळं आणि गेमची प्रत वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संगणक-प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला बॅकअप काढायची मुभा आहे, ती मूळ प्रत नष्ट किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून. दुसऱ्याच्या प्रतीची उतरवणी त्यात बसत नाही. स्वतःच्या कॅसेट उतरवायला कार्ट्रिज रीडर मिळतात, डिस्कसाठी साधा सीडी ड्राइव्ह पुरतो. त्यावर खुशाल धागा काढा.

लाल_बटण
'९९९९९९ इन १' कॅसेट कायद्याने एक धरायची की ९९९९९९?

शून्यएक
@लाल_बटण, मेन्यूतले आकडे सोडले तर आत मोजून दहा-वीस गेम. तेच पुन्हा पुन्हा, कधी तिसऱ्या स्टेजपासून, कधी जास्त लाइफ देऊन. या कॅसेट उतरवल्या तर साध्या हेडरने भागत नाही, त्यांचे मॅपर चमत्कारिक असतात. एनईएस २.० हेडर लागतं. मेसेन किंवा एफसीईयूएमएम (दोन्ही निन्टेंडोची कोअर) वापरा, चोरट्या मॅपरना या दोघांइतकं कुणी सांभाळत नाही.

विलंबित_लय
कॉन्ट्रा पळत नाहीये. आठवण हळू आहे, आणि तिला कारण आहे.

आपला जुना टीव्ही 'पाल' पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रं. अमेरिकी-जपानी निन्टेंडो सेकंदाला ६०.१ चित्रं काढायचा. गेमची घड्याळं चित्रांवर चालतात, म्हणून ५० च्या टीव्हीवर तोच गेम सुमारे १७ टक्के मंद. पाल देशांसाठी बनलेल्या फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या जपानी मशीनच्या) नकलांमध्ये प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा ठेवलेला असे, मूळ १.७९ च्या अगदी जवळ. आवाजाची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते. त्यामुळे सूर जवळपास तोच आणि लय मात्र विलंबित. युरोपच्या अधिकृत पाल मशीनचा प्रोसेसर १.६६ चा, तिथे अमेरिकी कॅसेट लावली तर सूरही उतरायचा.

एम्युलेटरमध्ये या नकलांच्या पद्धतीला 'डेंडी' म्हणतात, रशियात खपलेल्या अशाच एका मशीनवरून. एफसीईयूएमएम कोअरमध्ये क्विक मेन्यू, कोअर ऑप्शन्स, रीजन, डेंडी. मग गेम रीस्टार्ट. फक्त 'पाल' निवडू नका, सूर बिघडेल.

न्यूजर्सीकर
अमेरिकेत वाढलेल्या भाच्याला हा वेग दाखवा, म्हणेल बॅटरी संपत आली.

कोपऱ्यातला_टीव्ही
@विलंबित_लय, पटलं. पण टीव्हीवर लावल्यावर मारिओ उडीच उशिरा मारतो, ते वेगळं ना?

विलंबित_लय
वेगळं. ती दिरंगाई. आधी टीव्हीचा गेम मोड लावा, अर्धा आजार तिथेच जातो. नंतर रेट्रोआर्चचं रन-अहेड (पुढची चित्रं आधीच काढून दिरंगाई खाणारी सेटिंग). किती ठेवायचं ते मोजून काढा: कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक चित्र पुढे जा. तिसऱ्या चित्राला मारिओ हलला तर रन-अहेड २. मोजलेल्यापेक्षा जास्त ठेवलंत तर मारिओ झटके खात उडतो.

मीठभाकर
मूळ प्रश्न राहून जाईल. सुरुवात कुठून, तर हा क्रम:

खटपट्यांनी सांगितलेली प्रत काढून झाली की त्या प्रतीची आणखी एक प्रत, कामासाठी. रोमव्हॉल्ट या डॅटशी जुळणी करणाऱ्या साधनात तीन फोल्डर असतात. डॅटरूटमध्ये डॅट टाका, टूसॉर्टमध्ये सगळा पसारा ओता, रोमरूट रिकामं ठेवा. मग चार बटणं त्याच क्रमाने: अपडेट डॅट्स, स्कॅन रोम्स, फाइंड फिक्सेस, फिक्स रोम्स. ओळखलेली फाइल योग्य नावाने रोमरूटमध्ये जाते, न ओळखलेली टूसॉर्टमध्येच राहते. लक्षात ठेवा, ते फायली हलवतं, नक्कल ठेवत नाही. म्हणूनच कामाची वेगळी प्रत. हॅक केलेले आणि भाषांतरित गेम डॅटमध्ये नसतात, ते उरलेल्यात सापडतील. कचरा समजून फेकू नका.

आर्केडची डॅट वेगळी, आणि ज्या कोअरवर खेळणार त्याचीच हवी. मेम २००३-प्लस ०.७८ च्या काळातले संच मागतं, एफबीनिओ (आर्केडचंच दुसरं कोअर) आपले ताजे. एकाचा संच दुसऱ्याला घातलात तर काही गेम चालतात, काही नाही, आणि कुठला का नाही ते शोधत रात्र जाते.

दोन_कॉइन
पुस्ती: एफबीनिओ गेम न उघडता 'संच ओळखीचा आहे पण जुळत नाही' अशा अर्थाचा संदेश देतं. तो वाचून बंद करू नका. लॉग उघडा, कोणती चिप हवी आहे ते नाव आणि सीआरसी या ठशासकट लिहिलेलं असतं.

रविवारचा_डाव
प्रत काढली. कार्ड एफ३ मध्ये पास. आर्केड फोल्डरमध्ये खरंच डिनोयू होता आणि डिनो मीच उडवलेला. कचरापेटीतून परत आणल्यावर एफबीनिओत उघडला. सेव्हना नवी नावं दिली, सगळे सापडले. बिन-क्यूचं काम आता सुरू करतो. डेंडीही लावलं, वेग अगदी तोच. पण आता चित्र सरकताना मधूनच अडखळतं.

विलंबित_लय
तुमचा मॉनिटर ६० चा आहे. ५० चित्रं ६० घरांत बसवायला दर पाचातलं एक दोनदा दाखवावं लागतं, तोच झटका. मॉनिटर ५० हर्ट्झ घेत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो निवडा. बदलत्या रिफ्रेशचा मॉनिटर असेल तर रेट्रोआर्चमध्ये 'सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट' चालू करा. हातातल्या कन्सोलचा पडदा सहसा ६० लाच अडकलेला असतो. तिथे झटका तरी सोसा, नाहीतर पळता कॉन्ट्रा तरी.

लाल_बटण
पळता कॉन्ट्रा. तीनच लाइफ असतात, लवकर संपलेल्या बऱ्या.